सागरतळींचा चिखल

इ. स. १८५७ सालीं अटलांटिक महासागरांतून तारायंत्राची तार टाकण्यापूर्वीं 'सायक्लॉप्स' या ब्रिटिश युद्धनौकेनें तळाची खोली मोजली. त्या वेळीं वर आलेला चिखल थॉमस हक्स्ले यांच्याकडे तपासणीसाठीं गेला व त्यांत त्यांस चुन्याच्या अतिसूक्ष्म चकत्या दिसल्या. पुढें १८६८ सालीं, मद्यार्कांत राखलेला तोच चिखल त्यांनीं अधिक शक्तिमान सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला, तों चकत्यांभोवतीं एक पारदर्शक, बुळबुळीत द्रव्य आढळलें. हें सजीवच, असें समजून त्यांनीं त्यास हेकेल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाच्या गौरवार्थ 'बॅथिबियस हेकेली' असें नांव दिलें. सारा सागरतळ या आदिजीवानें आच्छादिला आहे, अशीही कल्पना निघाली! १८७५ सालीं 'चॅलेंजर' जहाजावरील रसायनज्ञ बुकॅनन यांनीं तिचा निकाल लावला. समुद्राच्या पाण्यांत मद्यार्क ओतला म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा साका बसतो. बाटलींतील 'जीव' तो एवढाच. हक्स्ले यांनीं चूक उघडपणें मान्य केली.

चकत्या मात्र खऱ्या होत्या. असल्याच चकत्या धारण करणाऱ्या एका शैवालास आज 'एमिलियानिया हक्स्लेयी' म्हणतात. असले जीव मेल्यावर त्यांचें आनुवंशिक द्रव्य, म्हणजे डीएनए, किती काळ टिकतें? याचें उत्तर जीवापेक्षां जागेवरच अधिक अवलंबून आहे. पेशी फुटून तें उघड्या समुद्रांत मिसळलें, तर तासांत किंवा दिवसांत त्याचा फडशा पडतो. उलट, काळ्या समुद्राच्या तळाशीं प्राणवायु नाहीं; तेथें सुमारें ७,००० वर्षांच्या थरांतून याच शैवालाचें आणि त्याचा जीव घेणाऱ्या विषाणूचेंही डीएनए मिळाल्याचें २०११ सालीं प्रसिद्ध झालें. मारणारा व मेलेला एकाच चिखलांत! २०२२ सालीं अंटार्क्टिकाजवळील स्कोशिया समुद्रांतून तर सुमारें दहा लक्ष वर्षांचे सागरी अवशेष उजेडांत आले. थंडी, अंधार, प्राणवायूचा अभाव आणि मातीच्या कणांचा आधार, हे त्याचे रक्षक.

मिळतात ते अर्थात् तुकडे, तेही विद्रूप झालेले. पण ही विद्रूपताच प्राचीनत्वाची साक्ष होय. तिच्यावांचून केलेले दावे फसतात. १९९४ सालीं आठ कोटि वर्षांपूर्वींचें म्हणून गाजलेलें डीएनए अखेर मनुष्याचें निघालें.

दुसरी अडचण आजच्याच चिखलाची. त्यांत एखाद्या जीवाचें डीएनए सांपडलें, एवढ्यावरून तो तेथें जिवंत आहे असें ठरत नाहीं. तो कधींच मेला असेल, किंवा वरच्या पाण्यांतून खालीं बसला असेल. म्हणून सजीवांची मोजदाद करणारे कित्येक शास्त्रज्ञ आतां आरएनएही तपासतात. तें मृत्यूनंतर सामान्यतः अधिक लवकर नाश पावतें.