दिवाळीच्या तोंडावरचा ताप: शरद ऋतूतलं घर आणि हिवतापाचा इतिहास

दिवाळीला पंधरा-वीस दिवस उरले की दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं. "डॉक्टर, आत्ता तापाचं औषध द्या, रक्ताच्या तपासण्या दिवाळी झाल्यावर करू." घरात माळा उपसलेला असतो, भाजणी दळून आणायची असते, मुलांच्या सहामाही परीक्षा चालू असतात. अशा वेळी ताप आला की तो दगदगीचा, ऑक्टोबरच्या उन्हाचा किंवा धुळीचा असणार, असं आपण सोयीने ठरवून टाकतो.

पण वर्षातले हेच दिवस तापाचे असतात, आणि ही गोष्ट आजची नाही. आपल्याकडे शरद ऋतू आणि ताप यांचं नातं निदान अडीच-तीन हजार वर्षं जुनं आहे. दिवाळीच्या आधी आपण घरात जे काही करतो, त्यातल्या बऱ्याच गोष्टींशी ते जोडलेलंही आहे. आज औषधांबद्दल थोडं कमी आणि या इतिहासाबद्दल थोडं जास्त बोलू.

शरद ऋतू: वैद्यांची आई

आश्विन आणि कार्तिक हे शरदाचे महिने. स्वच्छ आकाश, कोजागिरीचं चांदणं, शेतात कापणीला आलेलं भात, असं त्याचं सुंदर वर्णन आपण शाळेपासून वाचत आलो. पण संस्कृतमध्ये एक जुनी थट्टाही आहे: शरद ही वैद्यांची आई आणि वसंत हा बाप. म्हणजे या दोन ऋतूंत रुग्ण इतके वाढतात की वैद्यांचं घर त्यावर चालतं!

अथर्ववेदात 'तक्मन्' नावाच्या तापाचा उल्लेख आहे. थंडी वाजून येणारा, एक दिवस सोडून येणारा, आणि शरद ऋतूत येणारा, असे त्याचे प्रकार तिथे सांगितले आहेत. चरकसंहितेत विषमज्वराचे प्रकार येतात. त्यांपैकी तृतीयक म्हणजे एक दिवसाआड येणारा ताप आणि चतुर्थक म्हणजे दोन दिवस सोडून येणारा. आजच्या भाषेत व्हायवॅक्स जातीच्या मलेरियाचा ताप साधारण ४८ तासांनी आणि मलेरी जातीचा ७२ तासांनी येतो. त्या काळात सूक्ष्मदर्शक नव्हता, जंतूंची कल्पना नव्हती, पण तापाचं वेळापत्रक मात्र लोकांनी अचूक टिपलं होतं. आपल्या आजी-आजोबांचा 'पाळीचा ताप' हा शब्द त्याच निरीक्षणातून आलेला आहे.

आपण आशीर्वाद देतानाही 'शंभर शरद जग' असं म्हणतो. जुन्या संस्कृतमध्ये शरद या शब्दाचा अर्थ वर्ष असाही होतो, त्यामुळे यात फार गूढ शोधायला नको. तरीही ज्या देशात शरद पार पडणं हीच वर्षाची मोठी परीक्षा होती, तिथे हा आशीर्वाद किती नेमका वाटत असेल!

पाऊस थांबल्यावर ताप का वाढतो?

रुग्ण विचारतात, "पाऊस तर गेला, आता डास कुठून आले?" उत्तर सोपं आहे. जोराच्या पावसात डबकी वाहून जातात. पाऊस ओसरला की पाणी ठिकठिकाणी साचून स्थिर होतं आणि त्यात डासांची पैदास होते. हवेत ओलावा असल्यामुळे डास जास्त दिवस जगतो. हे महत्त्वाचं, कारण मलेरियाचा परजीवी डासाच्या शरीरात वाढायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. डास तेवढं जगला तरच तो आजार पसरवू शकतो. म्हणून पाऊस आणि तापाची लाट यांच्यात काही आठवड्यांचं अंतर पडतं, आणि ती लाट सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येते.

डासाचा हा भाग सिद्ध झाला तो भारतातच. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादमध्ये रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत मलेरियाचा परजीवी दिसला. त्यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

पण कारण समजलं म्हणून लगेच माणसं वाचली नाहीत. १९०८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पंजाबात हिवतापाची भयंकर साथ आली आणि दोन महिन्यांत तीन लाखांहून अधिक माणसं दगावली. रिकर्ड ख्रिस्तोफर्स यांनी या साथीचा अभ्यास केला. जोरदार पाऊस आणि पूर हे एक कारण त्यांना दिसलंच, पण आधीची धान्याची महागाई हे दुसरं कारणही दिसलं. उपाशी शरीराला तोच ताप जास्त घातक ठरत होता.

शंभर वर्षांपूर्वीचं आश्विनातलं घर

आता आपल्याकडचं त्या काळचं एखादं खेड्यातलं घर डोळ्यांपुढे आणा. पावसाने भिंतींना ओल धरलेली. अंथरुणं, गोधड्या, धान्य, सगळं उन्हात टाकायचं. भिंतींना चुना किंवा पांढरी माती, जमिनीला शेणाचं सारवण. तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासायची, कल्हई उडालेली पातेली कल्हईवाल्याकडे द्यायची. भाजणी, बेसन, सगळं दळण जात्यावर, म्हणजे घरातल्या बाईच्या हातांवर. त्याच वेळी शेतात खरिपाची काढणी आणि रब्बीची पेरणी.

म्हणजे वर्षातलं सगळ्यात जास्त काम आणि सगळ्यात जास्त ताप एकाच महिन्यात. घरातली दोन माणसं थंडीतापाने पडली तर पीक शेतातच राहायचं. मलेरियाने माणूस मेला नाही तरी घर गरीब होतं, ते असं.

औषध म्हणून सिंकोना झाडाच्या सालीतून काढलेलं क्विनाइन होतं. १८९० च्या दशकात बंगालमध्ये टपाल कचेऱ्यांतून त्याच्या पैशाला मिळणाऱ्या पुड्या विकायला सुरुवात झाली आणि पुढे ही पद्धत इतर प्रांतांतही गेली. पण खेड्यातल्या बहुतेक घरांचं औषध म्हणजे काढेच.

दिवाळीचा कडू घोट

सिंधुदुर्गात आणि गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानानंतर कारीट पायाच्या अंगठ्याने फोडतात आणि त्याचा कडू रस जिभेला लावतात. अनेक घरांत सातविणीच्या सालीचा कडूजहर रसही घोटभर प्यायला देतात. त्यानंतरच गोड पोहे आणि फराळ. शरदात कडू चवीचे पदार्थ घ्यावेत, असं आयुर्वेदाच्या ऋतुचर्येतही सांगितलं आहे.

सातवीण म्हणजे सप्तपर्णी. ऑक्टोबरमध्ये रात्री जिचा उग्र वास शहरातल्या रस्त्यांवर दरवळतो आणि काहींचं डोकं दुखतं, तेच हे झाड. तिची साल तापावर वापरण्याची पद्धत भारतापासून फिलिपिन्सपर्यंत होती. एकोणिसाव्या शतकात तिच्यातून 'डिटाइन' नावाचा अर्क काढला गेला आणि तो क्विनाइनची जागा घेईल अशी मोठी आशाही होती. पुढच्या तपासण्यांत ती आशा खरी ठरली नाही.

म्हणून दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. परंपरा म्हणून घोटभर कडू रस घेणं वेगळं आणि मलेरियावर उपचार म्हणून तो घेत बसणं वेगळं. दुसरं, झाड ओळखता येत नसेल तर कोणतीही साल आणून उगाळू नका. काजऱ्याची, म्हणजे कुचल्याची साल विषारी असते आणि अशी चूक जिवावर बेतू शकते.

यमासाठी दिवा

धनत्रयोदशीला दक्षिणेकडे तोंड करून यमासाठी दिवा लावतात, तो घरात अपमृत्यू येऊ नये म्हणून. नरकचतुर्दशीला यमतर्पण असतं. भाऊबीज म्हणजे यमद्वितीया. आनंदाच्या सणात यम इतक्या वेळा का येतो, याचं धार्मिक उत्तर पुराणकथांत आहे. डॉक्टर म्हणून मला एवढंच दिसतं की वर्षातल्या सर्वांत आजारी ऋतूच्या शेवटी, घरातली सगळी माणसं जिवंत आहेत ना, हे मोजण्याचा तो क्षण असणार.

मात्र 'पणत्यांनी आणि फटाक्यांच्या धुराने डास मरतात, म्हणून पूर्वजांनी दिवाळी सुरू केली' असे जे संदेश फिरतात, त्यांना चांगला पुरावा नाही. फटाक्यांच्या धुराने दम्याचे रुग्ण बेजार होतात, हे मात्र नक्की.

मुंबईच्या विहिरी

मलेरिया हा फक्त खेड्यातला आजार नव्हता. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियाची पाहणी करून १९११ मध्ये अहवाल दिला. दोष दलदलीचा कमी आणि घराघरांतल्या विहिरींचा जास्त निघाला. अॅनॉफिलीस स्टिफेन्सी हा डास स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो. विहिरी बुजवा किंवा बंद करा, असा आदेश निघाल्यावर पारशी आणि इतर काही समाजांनी विरोध केला, कारण धार्मिक विधींना विहिरीचंच पाणी लागायचं. शेवटी काही विहिरींना झाकण आणि जाळीचं दार, असा मधला मार्ग निघाला.

विहिरी गेल्या, पण डास गेला नाही. आता तो इमारतीच्या गच्चीवरच्या उघड्या टाकीत राहतो.

भिंतीवरची डीडीटी आणि दिवाळीचा चुना

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आली. तेव्हाच्या मुंबई प्रांतातल्या धारवाड आणि कारवार भागांत डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या नेतृत्वाखाली घरांच्या भिंतींवर फवारणी झाली आणि परिणाम चांगला दिसला. १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. तेव्हा देशात वर्षाला सुमारे ७.५ कोटी रुग्ण आणि ८ लाख मृत्यू, असा अंदाज होता. १९६५ च्या सुमारास रुग्ण जेमतेम १ लाखावर आले.

या फवारणीचं तंत्र असं: डास चावल्यावर भिंतीवर विसावतो, तिथल्या औषधाला त्याचे पाय लागतात आणि तो मरतो. म्हणजे औषध भिंतीवर काही आठवडे टिकायला हवं. इथे सण आडवा यायचा. भिंतीवर चुना मारला किंवा ती सारवली की औषध त्याखाली झाकलं जायचं. कर्मचारी सांगायचे, भिंतीला हात लावू नका. घरातली बाई म्हणायची, सण तोंडावर असताना भिंती अशा डागाळलेल्या ठेवू? दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. घराची रीत समजून न घेता आखलेली आरोग्ययोजना कुठे अडते, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पुढे डास डीडीटीला दाद देईनासे झाले, यंत्रणाही सैलावली आणि १९७६ मध्ये रुग्णसंख्या पुन्हा ६४ लाखांवर गेली. आज ती खूपच खाली आली आहे आणि २०३० पर्यंत मलेरिया हद्दपार करण्याचं देशाचं उद्दिष्ट आहे. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात मात्र ही लढाई अजून चालू आहे.

आता तुमच्या घरात

आज शहरात शरदाचा मुख्य ताप डेंगीचा. त्याचा एडिस डास दिवसा चावतो आणि घरातल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. दिवाळीची साफसफाई ही त्याच्यावरची आयती मोहीम होऊ शकते, पण झाडू जिथे जातो त्याच्या थोडं पलीकडे जायला हवं:

• फ्रिजमागचा ट्रे, कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरचे डबे आणि टायर रिकामे करा.
• भांडं नुसतं ओतू नका, कडा घासा. एडिसची अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी काही महिने टिकतात.
• आठवड्यातून एक दिवस सगळी साठवणीची भांडी कोरडी करा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात.
• इमारतीच्या टाकीचं झाकण घट्ट बसतं का, हे सोसायटीच्या सभेत विचाराच.

आणि ताप आलाच तर:

• दोन दिवसांपेक्षा जास्त ताप राहिला, किंवा थंडी वाजून आला, तर मलेरिया आणि डेंगीची तपासणी करून घ्या. सण थांबतो, आजार थांबत नाही.
• डॉक्टरांना दाखवेपर्यंत पॅरासिटामॉल घ्या, तेही योग्य मात्रेत. अॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका. डेंगीत त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.
• डेंगीत ताप उतरताना धोका वाढतो, हे लक्षात ठेवा. पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, खूप मरगळ, लघवी कमी होणं, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच रुग्णालय गाठा.
• व्हायवॅक्स मलेरियात प्रायमाक्विनच्या गोळ्या सहसा १४ दिवस दिल्या जातात. ताप गेला आणि पाहुणे आले म्हणून त्या मध्येच सोडू नका. परजीवी यकृतात दडून राहतो आणि काही महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढतो. गर्भवतींनी आणि जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता असणाऱ्यांनी ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही.
• घरातल्या बाईचा ताप सगळ्यांत शेवटी मोजला जातो. यंदा थर्मामीटर आधी तिला लावा. चकल्या दोन दिवस उशिरा झाल्या तरी चालतील.

तुम्हा सर्वांना दिवाळीच्या आगाऊ शुभेच्छा, आणि जुनाच आशीर्वाद: शंभर शरद जगा. त्यातला यंदाचा एक नीट पार पाडण्याचं काम मात्र आपल्याच हातात आहे.