ब्राँकोस्कोपी, महासाथीतील

श्वसनमार्गाच्या विषाणूची साथ चालू असताना फुफ्फुसाची दुर्बिणीने करायची तपासणी आणि त्या वेळी रुग्ण, डॉक्टर व कर्मचारी यांना संसर्ग होऊ नये म्हणून पाळायची पद्धत. लवचीक ब्राँकोस्कोप जपानच्या शिगेतो इकेदा यांनी १९६० च्या दशकात रूढ केला. नळी स्वरयंत्रापलीकडे उतरली की रुग्णाला खोकल्याची उबळ येते, विषाणूंनी भरलेले सूक्ष्म कण उडतात आणि डॉक्टरांचा चेहरा तिथून जेमतेम हातभर अंतरावर असतो.

सोलापुरात कोविडचा शिरकाव एप्रिल २०२० मध्ये झाला. गंभीर रुग्णांचा मोठा भार छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयावर, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘सिव्हिल’वर, पडला. पण यंत्रमागाची आणि विडीच्या तंबाखूची धूळ छातीत घेणाऱ्या या शहरात दमा, क्षय, थुंकीतून रक्त या तक्रारी साथीआधीही होत्या; साथीमुळे त्या थांबणार नव्हत्या. म्हणून पहिला प्रश्न ही तपासणी आजच हवी का, हा. चीनमधील २०२० च्या एका अभ्यासात फुफ्फुस धुऊन घेतलेल्या १५ पैकी १४ नमुन्यांत विषाणू सापडला, तर घशाच्या स्वॅबमध्ये फक्त ३२ टक्के. तरीही केवळ कोविडच्या निदानासाठी दुर्बीण घालणे योग्य नाही. आधी पुन्हा स्वॅब घ्यावा. कर्करोगाचा संशय असेल, तर मात्र फार लांबवू नये.

रक्ताची मोठी गुळणी किंवा श्वासनलिकेत अडकलेली वस्तू थांबू देत नाही. लहान मुलाच्या नलिकेत गेलेला शेंगदाणा ओलाव्याने फुगतो, त्याच्या तेलाने आतले अस्तर सुजते. आरटी-पीसीआरचा अहवाल येईपर्यंत वाट पाहता येत नसल्याने अशा मुलाला बाधित समजूनच हात घालावा. अशी वस्तू काढायला ताठ दुर्बीण वापरतात आणि तिच्या कडेने हवा गळते. म्हणून पूर्ण भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध देऊन खोकला थांबवतात.

पीपीई किटची चर्चा फार झाली, खोलीतल्या हवेची कमी; खरे तर तीच अधिक महत्त्वाची. हवा बाहेर फेकणारा पंखा आणि आत ऋणदाब, म्हणजे बाहेरच्यापेक्षा कमी दाब, असावा. तासाला १२ वेळा हवा बदलत असेल, तर ९९ टक्के कण निघायला सुमारे २३ मिनिटे लागतात. ६ वेळा बदलत असेल, तर ४६. तेवढा वेळ पुढचा रुग्ण आत घेऊ नये. खोलीत अनुभवी डॉक्टर आणि मोजके सहकारी असावेत, सर्वांना एन-९५ मास्क व चेहऱ्यावर शील्ड. रुग्णाच्या मास्कला चीर पाडून तिच्यातून नळी नाकात सरकवतात. बधिर करणाऱ्या लिग्नोकेनची वाफ टाळून ते औषध थेट घशात, नलिकेत सोडतात.

दुर्बीण आधी धुऊन, वाहिनीत ब्रश फिरवून मगच जंतुनाशक द्रावणात बुडवावी. चिकट स्राव राहिला तर द्रावणाचा उपयोग होत नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार फुफ्फुसातही दिसू लागला, तेव्हा त्याच्या निदानासाठी पुन्हा दुर्बिणीचीच गरज पडली.