ताठ रेणूंची फारकत
दांड्यासारखे ताठ रेणू द्रवात एका मर्यादेपलीकडे दाटले की ते आपोआप एका दिशेने रांग धरतात आणि प्रवाहीपणा न सोडता स्फटिकासारखी शिस्त दाखवतात. या अवस्थेला द्रवस्फटिक म्हणतात. १९३६ साली इंग्लंडमध्ये बॉडेन, पिरी, बर्नाल आणि फँकुचेन यांनी तंबाखूच्या रोगट झाडांतून वेगळ्या केलेल्या विषाणूच्या द्रावणाचे दोन थर पडले, ज्यांपैकी वरचा विरळ व विस्कळीत, तर खालचा दाट आणि ध्रुवित प्रकाशात उजळणारा होता. या फारकतीचे कारण रेणूंच्या आकर्षणात शोधणे स्वाभाविक होते. परंतु लार्स ऑन्सागर यांनी १९४९ मध्ये केवळ दांड्यांचा आकार आणि त्यांनी अडवलेली जागा एवढ्यावरूनच ती सिद्ध केली, आणि या विषयातला सर्वांत देखणा युक्तिवाद तोच म्हणावा लागतो. पॉल फ्लोरी यांनी १९५६ मध्ये हा विचार बहुवारिकांपर्यंत, म्हणजे साखळीसारख्या महारेणूंपर्यंत नेला. पुढे १९७८ मध्ये त्यांनीच दाखवले की ताठ रेणूंत लवचिक साखळ्या मिसळल्या, तर रांगेतली प्रावस्था, म्हणजे मिश्रणाचा तो एकसारखा भाग, त्यांना जवळपास पूर्णपणे बाहेर ढकलते. म्हणूनच अशी मिश्रणे एकजीव ठेवू पाहणाऱ्यांना द्रावण पातळ असतानाच, फारकतीला वेळ न देता, दोन्ही बहुवारिके झटपट साकळवावी लागली.