पत्राचा ठावठिकाणा

इ. स. १७६१ च्या जानेवारी महिन्यांत एक कासीद उत्तरेकडून दक्षिणेच्या वाटेला लागला होता. त्याच्याजवळचें पत्र पानिपतच्या छावणींतील सावकारांच्या माणसांनीं औरंगाबादच्या पेढीवाल्यांस लिहिलेलें होतें, आणि नऊ दिवसांत तें पोंचतें करावयाचें असा त्याच्याशीं करार होता. वाटेंत नर्मदेच्या बाजूस नानासाहेब पेशव्यांच्या फौजेशीं त्याची गांठ पडली. पत्र फोडलें गेलें. आणि मोत्यें, मोहरा, चांदी व तांबें यांच्या नुकसानीच्या सांकेतिक भाषेंतून विश्वासराव, भाऊसाहेब व असंख्य शिपाईगडी यांच्या नाशाची वार्ता पेशव्यांस कळली. ही हकीकत ग्रँट डफनें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासांत दिली आहे व ती मराठी वाचकांच्या पूर्ण परिचयाची आहे. परंतु या प्रसंगाकडे आपण नेहमीं पेशव्यांच्या बाजूनें पाहतों. ज्यांच्या नांवें तें पत्र होतें, त्या औरंगाबादच्या सावकारांच्या बाजूनें क्वचितच कोणी पाहतो.

बऱ्हाणपुराहून निघून, अजिंठ्याचा घाट चढून, फुलंब्रीवरून येणारा जुना रस्ता हर्सूलपाशीं येतो व तेथून औरंगाबादच्या, म्हणजे हल्लींच्या छत्रपती संभाजीनगरच्या, दिल्ली दरवाज्याकडे वळतो. उत्तरेकडून येणाऱ्या कासदास शहर लागण्यापूर्वीं हर्सूल लागावें, अशी त्या गांवाची जागा आहे. समजा, नववा दिवस मावळतांना एखाद्या सावकारानें आपला मुनीम हर्सूलपर्यंत पाठविला असता, तर त्यानें परत येऊन काय सांगितलें असतें? 'कासीद अद्यापि आला नाहीं', यापलीकडे कांहीं नाहीं. तो वाटेंत आजारी पडला, लुटला गेला, की त्याचें पत्र परक्या हातीं गेलें, हें जाणण्याचें कसलेंही साधन त्या काळीं नव्हतें. पत्र निघालें कीं तें अंधारांत शिरलें; उजेडांत येई तें थेट दुसऱ्या टोंकास.

आज आपल्या घरीं येणाऱ्या पाकिटावर किंवा पार्सलावर काळ्या रेघांच्या पट्टीखालीं तेरा चिन्हांचा एक क्रमांक छापलेला असतो. बहुतेकांच्या दृष्टीनें ती एक निरर्थक जंत्री असते. वस्तुतः त्या अंधारांत एकेक दिवा लावीत जाण्याचा जो शेंदीडशें वर्षांचा उद्योग, त्याचें तें फलित आहे. आणि तो क्रमांक वाचतां येणें ही केवळ सोयीची गोष्ट नसून, आपल्या एका हक्काची ओळख आहे.

पेशवाईच्या दफ्तरांतहि पत्राच्या प्रवासाची नोंद होत नसे असें नाहीं. महत्त्वाचीं पत्रें जासुदांच्या जोडीबरोबर जात. एकावर कांहीं प्रसंग आला तर दुसऱ्यानें मजल पुरी करावी हा त्यांतील हेतु. जासुदास द्यावयाच्या मेहनतान्यास 'अजुरा' म्हणत. पत्र हातीं आलें म्हणजे कारकून त्यावर 'पैवस्ती' म्हणून पोंचल्याची मिती टाकी. इतिहाससंशोधकांस या पैवस्तीच्या शेऱ्यांचा फार उपयोग होतो. बातमी निघाली केव्हां आणि पोंचली केव्हां हें त्यांवरून ताडतां येतें. परंतु या व्यवस्थेंत दोन उणिवा होत्या. एक ही कीं, नोंद दोन टोंकांस होई, मध्यें कोठेंहि नाहीं. दुसरी ही कीं, ती सोय दरबाराची व सावकाराची होती. कुणब्याच्या किंवा कारागिराच्या निरोपाला ना जासूद होता, ना पैवस्ती. यात्रेस निघालेल्या वाटसरूच्या तोंडीं निरोप द्यावा आणि देवावर हवाला ठेवावा!

इंग्रजी अमलांत १८३७ च्या कायद्यानें सरकारी टपाल सर्वांस खुलें झालें, आणि १ ऑक्टोबर १८५४ पासून अंतर कितीहि असलें तरी वजनावर एकच दर, ही पद्धति सुरू झाली. मराठवाड्याची गोष्ट मात्र थोडी निराळी होती. औरंगाबाद निजामाच्या राज्यांत. हैदराबाद संस्थानानें १८६९ सालीं आपलीं स्वतःचीं तिकिटें काढलीं. तीं संस्थानाच्या हद्दींतच चालत. पत्र मुंबईस किंवा पुण्यास धाडावयाचें तर इंग्रजी टपालाचा आश्रय करावा लागे. एका जिल्ह्यांत दोन टपालें, दोन तिकिटें, अशी ही दुहेरी व्यवस्था १९५० च्या एप्रिलांत संस्थानी टपाल भारतीय टपालखात्यांत विलीन होईपर्यंत टिकली. पत्राची वाट एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत गेली, म्हणजे त्याचा जबाब कोणी द्यावयाचा, हा प्रश्न मराठवाड्याच्या माणसाला पुस्तकी नव्हता.

हाच प्रश्न साऱ्या जगापुढें होता. त्याचें उत्तर दोन गोष्टींनीं दिलें: रजिस्टर टपाल आणि बर्नचा तह.

रजिस्टर टपालाची कल्पना दिसावयास साधी, पण परिणामानें मोठी आहे. इंग्लंडांत ती १८४१ सालीं सुरू झाली. साधें पत्र थैलींत पडलें कीं लाखों पत्रांपैकीं एक होऊन जातें. त्यास स्वतःचें नांव उरत नाहीं. रजिस्टर पत्रास क्रमांक मिळतो. पाठविणाऱ्यास पावती मिळते. पुढें तें ज्या ज्या हातीं जाईल, त्या त्या हाताची सही यादींत होते: टपालकचेरींतून रेल्वेच्या टपालडब्यांत, तेथून दुसऱ्या कचेरींत, तेथून पोस्टमनच्या हातीं, आणि शेवटीं ज्याचें त्याच्या हातीं. पत्र हरवलें तर तक्रारीवरून एकामागून एक यादी तपासावयाची. ज्या ठिकाणीं सही तुटली, त्या ठिकाणीं पत्र हरवलें. येथें प्रथमच, मध्यें काय झालें हें विचारण्याचा अधिकार थोड्याशा पैशांत कोणासहि मिळाला.

दुसरी गोष्ट बर्नची. ९ ऑक्टोबर १८७४ रोजीं स्वित्झर्लंडांतील बर्न शहरीं निरनिराळ्या राष्ट्रांनीं तह करून टपालाचा एक संघ स्थापन केला. हिंदुस्थान त्यांत १८७६ सालीं सामील झाला. एका देशानें घेतलेलें पत्र दुसऱ्यानें आपलेंच समजून पोंचतें करावें, हें त्याचें सूत्र. या संघाची भाषा फ्रेंच. म्हणूनच रजिस्टर पत्रावर दिसणारें 'आर' हें अक्षर मुळांत इंग्रजी शब्दाचें नसून 'रकोमांदे' या फ्रेंच शब्दाचें आद्याक्षर आहे.

याच सुमारास, १८७७ सालीं, हिंदुस्थानांत व्ही. पी. ची, म्हणजे माल हातीं पडल्यावर किंमत देण्याची, पद्धति आली आणि १८८० सालीं मनिऑर्डरीचें काम टपालखात्याकडे आलें. मराठी ग्रंथकारांवर व मासिकांवर या व्ही. पी. चे उपकार थोडे नाहींत. पुस्तकाचें दुकान ज्यानें जन्मांत पाहिलें नाहीं, अशा खेड्यांतील शिक्षकाच्या दारीं पुस्तक पोंचलें तें याच वाटेनें. ओळखदेख नसलेल्या दोन माणसांत व्यवहार घडतो तो मधल्या क्रमांकाच्या जोरावर. क्रमांक म्हणजे छापील विश्वासच होय.

आतां त्या तेरा चिन्हांकडे वळूं. गणकयंत्रांच्या काळांत टपालसंघानें हा नमुना सर्व देशांकरितां ठरविला आणि भारतीय टपालानें आपल्या देशांतर्गत स्पीड पोस्टासहि तोच लाविला. आरंभीं दोन रोमन अक्षरें. मग आठ अंक. मग एक अंक. शेवटीं पुन्हां दोन अक्षरें. पहिलें अक्षर सेवेची जात सांगतें: 'ई' म्हणजे जलद टपाल, 'आर' म्हणजे रजिस्टर, 'सी' म्हणजे पार्सल, 'व्ही' म्हणजे विमा उतरलेली वस्तु. शेवटचीं दोन अक्षरें वस्तु ज्या देशांत टपालांत पडली त्या देशाचीं असतात. भारताचीं 'आयएन', इंग्लंडचीं 'जीबी', जर्मनीचीं 'डीई'. आणि ज्या बर्नमध्यें हा संघ जन्मला, त्या स्वित्झर्लंडचीं 'सीएच', कारण त्या देशाचें लॅटिन नांव 'कन्फोदेरात्सिओ हेल्वेतिका' असें आहे. परदेशीं राहणाऱ्या मुलानें आईस पाठविलेल्या पार्सलावर 'आयएन' शोधूं नये. तें कोठून निघालें हें तीं अक्षरें सांगतात, कोठें जाणार हें नव्हे.

मधले आठ अंक हा त्या वस्तूचा अनुक्रम. आरंभींच्या एका अक्षरजोडीस आठ अंकांचे दहा कोटि क्रमांक मिळतात, आणि एकदां वापरलेला क्रमांक निदान बारा महिने पुन्हां वापरावयाचा नाहीं असा दंडक आहे. खरी गंमत आहे ती त्यापुढील एकट्या अंकाची. तो पहारेकरी आहे. आठ अंकांस अनुक्रमें ८, ६, ४, २, ३, ५, ९ आणि ७ यांनीं गुणावें, गुणाकारांची बेरीज ११ नें भागावी, आणि बाकी ११ मधून वजा करावी. उत्तर १० आलें तर ० घ्यावें, ११ आलें तर ५ घ्यावे. उदाहरणार्थ, अनुक्रम १२३४५६७८ असेल तर बेरीज २०४ येते. ११ नें भागून बाकी ६. म्हणून पहारेकरी ५. घाईंत कोणी ३ व ४ यांची अदलाबदल करून १२४३५६७८ लिहिलें, तर बेरीज २०६, बाकी ८, आणि पहारेकरी ३ असावयास हवा. लिहिलेला ५ त्याशीं जुळत नाहीं. चूक तत्काळ पकडली जाते. ११ ही मूळ संख्या असल्यामुळें एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटे पडले, तर बाकी बदलल्यावांचून राहत नाहीं. मात्र बाकी ० असो वा ६ असो, पहारेकरी ५ च ठरतो; तेवढ्या एका फटींतून एखादी चूक निसटूं शकते. मनुष्य लिहितांना चुकणारच, हें गृहीत धरून केलेली ही योजना आहे, आणि तिच्यांत मला मोठें शहाणपण दिसतें.

या क्रमांकाची पिनकोडाशीं गल्लत करूं नये. पिनकोड हा ठिकाणाचा. हा क्रमांक वस्तूचा. पिनकोडाची सहा अंकी रचना केंद्रीय दळणवळण मंत्रालयांतील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनीं सिद्ध केली व ती १५ ऑगस्ट १९७२ पासून अमलांत आली. वेलणकर हे संस्कृतांत काव्यें व नाटकें लिहिणारे पंडित होते. भाषा निरनिराळ्या, लिप्या निरनिराळ्या, एकाच नांवाचीं गांवें अनेक. 'हर्सूल' नाशिककडेहि आहे आणि संभाजीनगरापाशींहि. ४३१ हे तीन अंक पाकिटावर दिसले कीं तें मराठवाड्याच्या वाटेला लागलें. पिनकोड पत्रास दिशा देतो, क्रमांक त्यास नांव देतो, दोन्ही हवींत.

खाजगी कुरियर कंपन्यांचेहि क्रमांक असतात. कोणाचा बारा अंकी. यूपीएस या अमेरिकन कंपनीचा '१झेड' नें आरंभ होणारा अठरा चिन्हांचा. ते आपापल्या घरांत उत्तम चालतात. परंतु टपालाचा तेरा चिन्हांचा क्रमांक हा तहाचा भाग आहे. तो बर्नमध्यें समजतो, टोकियोंत समजतो आणि हर्सूलच्या टपालकचेरींतहि समजतो.

तरीहि त्याच्या मर्यादा ओळखल्या पाहिजेत. क्रमांक पाहिला असतां वस्तु शेवटीं कोठें नोंदली गेली हें कळतें. या घटकेस ती कोठें आहे हें कळतेंच असें नाहीं. दोन नोंदींमधला अंधार अजून आहे. तो लहान झाला एवढेंच. शिवाय क्रमांकाचें रूप बरोबर असणें म्हणजे क्रमांक खरा असणें नव्हे. 'तुमचें पार्सल अडकलें आहे, पत्ता सुधारण्यासाठीं येथें पैसे भरा' असे निरोप धाडून फसविणारे लोक अस्सल दिसणारा क्रमांकहि रचूं शकतात. अशा वेळीं निरोपांतील दुव्यास हात न लावतां, टपालखात्याच्या अधिकृत ठिकाणीं किंवा कचेरींत जाऊन क्रमांक स्वतः पडताळावा.

आणखी एक गोष्ट कायद्याची. १८९७ च्या 'जनरल क्लॉजेस ॲक्ट'च्या २७ व्या कलमान्वयें, कायद्यानें टपालाद्वारें बजावावयाचा कागद बरोबर पत्त्यावर, टपालहशील भरून, नोंदणीसह टपालानें पाठविला, तर उलट सिद्ध होईपर्यंत तो बजावला गेला असें धरण्यांत येतें. घरभाड्याची नोटीस, न वटलेल्या चेकाची नोटीस यांचें भवितव्य या एका कागदी पावतीवर ठरत आलें आहे. 'घेण्यास नकार' या पोस्टमनच्या दोन शब्दांच्या शेऱ्यानें कित्येक खटल्यांचें पारडें फिरलें आहे.

म्हणूनच १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर टपाल स्पीड पोस्टांत विलीन करण्यांत आलें, तेव्हां अनेकांस हुरहूर वाटली. त्यांतील भावनेचा भाग सोडला तरी मुद्दा राहतोच. स्पीड पोस्टाचा मूळ गुण वेग, रजिस्टराचा मूळ गुण जबाब. १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टांतच 'नोंदणी' ही जोडसेवा घेतां येते, आणि ती घेतली असतां वस्तु प्रत्यक्ष त्या व्यक्तीच्या किंवा तिनें नेमलेल्या माणसाच्याच हातीं द्यावयाची असते. म्हणजे जबाब उरला आहे. पण तो आतां आपोआप मिळत नाहीं, मागून घ्यावा लागतो. ज्यास हा फरक ठाऊक नाहीं तो महत्त्वाचा कागद नुसत्या वेगाच्या भरंवशावर सोडून देईल.

इतिहासांत राजांस जें मिळत नव्हतें तें आज सामान्य गृहस्थाच्या खिशांतील पावतीवर छापलेलें आहे. नानासाहेब पेशवे दुसऱ्याचें पत्र फोडूं शकत होते. परंतु आपण धाडलेलें पत्र या क्षणीं कोणाच्या हातीं आहे, हें त्यांच्यानेंहि सांगवलें नसतें. अधिकार मिळाला तरी तो वापरल्यावांचून टिकत नाहीं. तेव्हां महत्त्वाचा कागद पाठवितांना 'नोंदणी' मागून घ्यावी, पावतीवरील तेरा चिन्हें एकदां वाचून पाहावीं, आणि ती पावती काम पुरें होईपर्यंत जपून ठेवावी.