नेमिचंद्र एक की दोन?

गेल्या वर्षी आमच्या शुक्रवार पेठेत यायचं पुस्तकांचं एक पार्सल आधी पुण्याच्या शुक्रवार पेठेत जाऊन आलं. गावाचं नाव पुसट झालेलं, पेठेचं मात्र ठसठशीत. शुक्रवार पेठ पुण्यात आहे, साताऱ्यात आहे, कोल्हापुरात आहे, आणि सोलापुरात आम्ही आहोतच. पार्सल ठिकाणावर आलं ते पिन कोडाच्या कृपेने. उघडलं तर वर ‘द्रव्यसंग्रहा’ची छोटी आवृत्ती, आणि तिच्या मुखपृष्ठावर तशीच एक चुकलेली पाठवणी: ‘सिद्धांतचक्रवर्ती नेमिचंद्राचार्यविरचित’.

‘द्रव्यसंग्रह’ म्हणजे अवघ्या ५८ प्राकृत गाथा. पाठशाळेतली मुलं त्या तोंडपाठ करतात. ‘गोम्मटसार’ हा जैन कर्मसिद्धांताचा भारदस्त ग्रंथ; ‘सिद्धांतचक्रवर्ती’ हे बिरुद त्याच्या कर्त्याचं. तो कळायला आयुष्य पुरत नाही असं आमच्याकडची जुनी माणसं म्हणत. दोन्हींचे कर्ते नेमिचंद्र. मग ते एकच, असं मानण्यात गैर काय, असा पूर्वपक्ष आहे. तो भाबडा नाही. १९१७ साली शरच्चंद्र घोषाल यांनी ‘द्रव्यसंग्रह’ इंग्रजीत आणला, तेव्हा त्यांनीही हाच निर्वाळा दिला: श्रवणबेळगोळची गोम्मटमूर्ती उभारणाऱ्या चामुंडरायाचे गुरू, तेच हे नेमिचंद्र. विषय एक, भाषा एक, नाव एक. शिवाय परंपरेचा कौल. इतकं असताना दोन माणसं कल्पायची कशाला?

कारण ग्रंथच तसं सांगतात. अभ्यासक जुगलकिशोर मुख्तारांनी या एकीकरणावर घोषालांच्या हयातीतच बोट ठेवलं होतं. त्यांचा सर्वांत धारदार मुद्दा नावाचा नाहीच, हिशोबाचा आहे. आत्म्याकडे कर्म वाहून येण्याची कारणं किती? ‘गोम्मटसार’ चार मोजतो: मिथ्यात्व, अविरती, कषाय, योग, आणि त्यांचे पोटभेद अनुक्रमे ५, १२, २५ आणि १५, एकूण ५७. ‘द्रव्यसंग्रहा’त प्रमाद हे पाचवं कारण वेगळं काढलं आहे, आणि पोटभेद ५, ५, १५, ३ आणि ४, म्हणजे ३२. दोन्ही मोजण्या जैन शास्त्राला मान्यच आहेत. पण कर्माची खतावणी लिहिण्यात ज्याची हयात गेली, तो छोटं पुस्तक लिहिताना खात्यांचीच मांडणी बदलेल का? कारकूनसुद्धा असं करत नाही.

दुसरा पुरावा ‘द्रव्यसंग्रहा’चा टीकाकार ब्रह्मदेव याचा. तो म्हणतो, माळव्यात धारेच्या भोजराजाच्या अमलात, श्रीपाल मंडलेश्वराच्या आश्रमनगरात, सोम नावाच्या राजश्रेष्ठीसाठी नेमिचंद्र सिद्धांतिदेवांनी आधी २६ गाथांचा लघु ग्रंथ केला, मग तो वाढवला. भोज अकराव्या शतकातला. चामुंडराय दहाव्याच्या अखेरचा, आणि तोही कर्नाटकातला. यावर एक रास्त आक्षेप येतो: ब्रह्मदेव नंतरचा, त्याने ऐकीव लिहिलं नसेल कशावरून? नसेलच असं नाही. पण टीकाकाराचा स्वभाव आपल्या ग्रंथकाराला मोठं करण्याचा असतो. हाताशी ‘सिद्धांतचक्रवर्ती’ ही बिरुदावली असताना ती सोडून ‘सिद्धांतिदेव’ ही साधी पदवी तो का उचलेल? त्याला ते दोघे वेगळे ठाऊक होते, हेच सरळ उत्तर आहे.

बिरुदाचंही पाहा. ‘गोम्मटसारा’चा कर्ता स्वतःच म्हणतो की चक्रवर्ती चक्राने सहा खंड जिंकतो, तसा मी बुद्धीच्या चक्राने सहा खंडांचा आगम साधला, आणि अभयनंदी, वीरनंदी, इंद्रनंदी यांचं ऋण नावानिशी मानतो. ‘द्रव्यसंग्रहा’चा कर्ता शेवटच्या गाथेत एवढंच म्हणतो की मी अल्पश्रुत मुनी, जाणत्यांनी चुका दुरुस्त कराव्यात. नम्रता ही रीत असते हे मला मान्य, म्हणून या मुद्द्यावर मी फार भार टाकत नाही. पहिले दोन पुरेसे आहेत.

खरा दोष मुळातल्या समजुतीत आहे: नाव हे माणसाचं, म्हणून एका नावाचा एक माणूस. मुनीचं नाव त्याच्या घरचं नसतं, दीक्षेत मिळालेलं असतं. परंपरेने नंदिसंघाकडे नंदी, चंद्र, कीर्ती ही शेपटं आहेत, सेनगणाकडे सेन आणि भद्र. मोजक्या शब्दांतून शेकडो वर्षं नावं घडवली, तर ती पुन्हा पुन्हा येणारच. यात कुणी कुणाचं नाव लाटलं नाही, की कुणाची कल्पनाशक्ती आटली नाही.

याचा सर्वांत चांगला धडा आमच्या सोलापुरातूनच प्रसिद्ध झाला. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी १९४१ साली गजपंथाला विद्वान जमवून जैन संस्कृती संरक्षक संघ काढला, आधी तीस हजार दिले, आणि १९४४ मध्ये सुमारे दोन लाखांची सगळी मिळकतच देऊन टाकली. त्यांच्या नावाच्या ग्रंथमालेत १९५८ साली ‘जंबूदीवपण्णत्तिसंगहो’ निघाला, १९६२ साली ‘पद्मनंदिपंचविंशति’. संपादक दोन्हींचे आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन. कर्ते दोन्हींचे पद्मनंदी. गंमत पुढेच आहे: पहिला पद्मनंदी वीरनंदींच्या शिष्याचा, बलनंदींचा शिष्य, दुसरा वीरनंदींचा शिष्य. म्हणजे गुरूचं नावही फसवं! संपादकांनी देश, काळ, गुरुक्रम मांडून दोघांना वेगळं ठेवलं. त्यात कुंदकुंदाचार्यांचंही एक नाव पद्मनंदीच. दोन्ही पुस्तकं एकाच फळीवर ठेवणाऱ्या गावाने तरी नेमिचंद्रांची गल्लत करू नये.

चिनी भिक्षूंना ही अडचण आपल्याआधी कळली. चौथ्या शतकात दाओ-आनने ठरवलं की सर्व भिक्षूंनी ‘शी’, म्हणजे शाक्य, हेच आडनाव लावायचं. आडनावाने ओळखण्याची सोय गेली. त्याचा शिष्य हुइ-युआन (३३४–४१६), आणि दुसरा हुइ-युआन ५२३ ते ५९२ मधला. चिनी लेखक पहिल्याला लू पर्वताचा म्हणतात, दुसऱ्याला च्यिंग-यिंग विहाराचा. नावाला ठिकाण जोडलं की झालं. आमचे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस वैद्यकीय पथकातून तिकडे गेले तेव्हा तेही ‘के दिहुआ’ झाले. पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या चिनी नावाच्या शेवटी तोच ‘हुआ’, म्हणजे चीन. इथेही नावाचं शेपूट माणसाचं नव्हतं, कामाचं होतं.

आता उलटी अतिशयोक्तीही नको. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारद्यांनी ‘भारद्वाज’ नावाने लिहून ज्ञानेश्वरीकार वेगळे आणि अभंगकार ज्ञानदेव वेगळे असं मांडलं: एक शैव वळणाचा, दुसरा विठ्ठलभक्त. पण एकाच माणसाला ग्रंथात एक सूर आणि अभंगात दुसरा लागू शकतो; दोन सुरांवरून दोन गळे सिद्ध होत नाहीत. नेमिचंद्रांच्या बाबतीत मी सुरावर विसंबलो नाही, ५७ आणि ३२ वर विसंबलो.

कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या जैन मठात भट्टारक गादीवर बसले की ‘लक्ष्मीसेन’ होतात. आधीचेही लक्ष्मीसेन, पुढचेही लक्ष्मीसेन. तिथल्या भाविकांचा कधी गोंधळ होत नाही, कारण ते नाव माणसाचं नसून गादीचं आहे हे त्यांना ठाऊक असतं. माझ्या पार्सलातल्या पुस्तकावर मी पेन्सिलीने ‘सिद्धांतचक्रवर्ती’ खोडून ‘सिद्धांतिदेव, माळवा’ असं लिहून ठेवलं आहे.