अकोल्याची लक्ष्मी बँक आणि आपल्या ठेवीमागची हमी

परसवाडा, बैहर, बालाघाट इथल्या आपल्या जुन्या घरांच्या आठवणी वाचतो तेव्हा शेती येते, लग्नकार्यं येतात, पैशाची गोष्ट मात्र कुणी लिहीत नाही. माझं आयुष्य बँकेच्या खतावण्यांत गेलं, तेव्हा ही बाजू मीच लिहितो.

परसवाड्याकडे धानाची शेती. पेरणीला बियाणं नसलं की सावकाराकडून धान उचलायचं. सवाईनं घेतलं तर कापणीनंतर एका खंडीची सव्वा खंडी आणि दिढीनं घेतलं तर दीड खंडी फेडायची. एक वर्ष पाऊस बुडाला की बांधी गहाण पडलीच समजा. मध्य प्रांताच्या सरकारने १९३३ मध्ये कर्ज समेटाचा कायदा केला. मंडळासमोर सावकार आणि कुळाने बसायचं, रक्कम ठरवायची, हप्ते पाडायचे. १९३४ च्या कायद्याने सावकारावर हिशेब ठेवण्याची आणि तो ऋणकोला देण्याची सक्ती आली. म्हणजे कर्ज घेणाऱ्याला थोडा आधार मिळाला. पण पोटाला चिमटा घेऊन चार पैसे बँकेत ठेवणाऱ्याचं काय? त्याच्यासाठी तेव्हा काहीच नव्हतं.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, आपला बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. सोयरिकी मात्र गोंदिया-नागपूरकडच्याच राहिल्या. अकोलाही जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडातलंच गाव. तिथली लक्ष्मी बँक १९६० मध्ये बुडाली. त्याच वर्षी केरळातली पलाई सेंट्रल बँकही बंद पडली. त्या काळी बँक बुडणं म्हणजे काय, हे आजच्या पोरांना सांगूनही खरं वाटायचं नाही. आधी बँकेची येणी वसूल व्हायची, मग त्यातून ठेवीदाराला जे मिळेल ते, आणि तेही जेव्हा मिळेल तेव्हा. पासबुकावरचा आकडा तसाच, हातात मात्र काही नाही.

ठेवींच्या विम्याची चर्चा बंगालमधल्या बँका १९४८ मध्ये बुडाल्या तेव्हापासून होती. पण सरकार आणि रिझर्व्ह बँक खरी हलली ती या दोन बँकांनंतर. ऑगस्ट १९६१ मध्ये विधेयक आलं आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा महामंडळ सुरू झालं. हमी किती? माणशी १,५०० रुपये! पुढे १९६८ ला ५,०००, १९७० ला १०,०००, १९७६ ला २०,०००, १९८० ला ३०,००० आणि १९९३ ला एक लाख. मी नोकरीला लागलो तेव्हा हमी दहा हजारांची होती, आणि काउंटरवर तिच्याबद्दल विचारणारा ग्राहक विरळाच.

एक लाखावर हा आकडा जवळजवळ सत्तावीस वर्षं अडून राहिला. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या पीएमसी बँकेवर निर्बंध आले आणि सुरुवातीला खात्यातून फक्त हजार रुपये काढू दिले. त्यानंतर ४ फेब्रुवारी २०२० ला हमी पाच लाखांची झाली. २०२१ च्या दुरुस्तीने, बँकेवर असे निर्बंध आले तर विम्याची रक्कम ९० दिवसांत द्यायची, असंही ठरलं. या वाढीमागे कुणाचं तरी नुकसान आहे, हे विसरू नये.

आता हिशेबाचं बोलू. पाच लाख हे खात्यामागे नाहीत, एका बँकेत एका माणसामागे आहेत. बचत, मुदत ठेव, आवर्ती, सगळ्या शाखा मिळून एकच बेरीज. त्यात व्याजही धरतात. मुद्दल ४,८०,००० आणि व्याज ३०,००० झालं, तर वरचे १०,००० हमीबाहेर. नवऱ्याचं खातं, बायकोचं खातं आणि दोघांचं संयुक्त खातं मात्र वेगवेगळं धरतात. वेगळ्या बँकेतली ठेवही वेगळी. या विम्याचा हप्ता बँक भरते, आपल्याकडून घेत नाही.

पोस्टातल्या ठेवीमागे थेट केंद्र सरकार. एलआयसीच्या विमा रकमेलाही १९५६ च्या कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे केंद्र सरकारची हमी आहे. बँकेच्याच टेबलावर सही करून घेतलेला म्युच्युअल फंड मात्र ठेव नव्हे, त्याला हा विमा नाही. आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त गल्लत होते ती पतसंस्थेची. सहकारी बँकेच्या ठेवीला हा विमा आहे, पतसंस्थेच्या ठेवीला नाही. पाटी सारखी दिसते, काउंटर सारखं दिसतं, माणसं ओळखीची असतात, व्याज टक्का-दीड टक्का जास्त असतं. पण उद्या कुलूप लागलं तर पाच लाखही नाहीत. चांगल्या पतसंस्था आहेत, नाही असं नाही. तरी निवृत्तीचा सगळा पैसा किंवा विधवा बहिणीची पुंजी तिथे ठेवू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

आपले आजोबा सावकाराला विचारायचे, ‘सवाई की दिढी?’ आपण आजही आधी व्याजाचा दरच विचारतो. त्याच्याही आधी विचारायचा प्रश्न असा: या पैशामागे उभं कोण आहे? या रविवारी घरातली पासबुकं, ठेवीच्या पावत्या आणि विम्याचे कागद एकदा समोर मांडा. प्रत्येकावर वारसाचं नाव लागलंय का पाहा, आणि कशामागे कुणाची हमी आहे ते एका वहीत लिहून ठेवा. वही कुठे आहे, ते घरच्यांना सांगून ठेवा.

आणि कुणाच्या घरी लक्ष्मी बँकेचं जुनं पासबुक अजून जपून ठेवलेलं असेल, तर त्यामागची हकीकत इथे जरूर लिहा.