अस्तनीबाहेरचा अर्धा इंच



कोटाची अस्तनी किती लांब असावी, या विषयावर बोलायला एखादा कसबी शिंपी बोलवायला हवा होता, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. ते रास्तच आहे. आम्ही कधी कात्री हाती धरलेली नाही. पण हा प्रश्न जितका मापाचा आहे तितकाच मजुरीचाही आहे, आणि मजुरीबद्दल बोलण्यात आमची बरीच वर्षे गेली आहेत. म्हणून हे धाडस केले.

आधी शिंप्याचा नियम सांगतो. हात सरळ खाली सोडून उभे राहावे. कोटाची अस्तनी मनगटाच्या हाडापर्यंत, म्हणजे जिथे अंगठ्याचे मूळ सुरू होते तिथवर यावी, आणि तिच्याखालून शर्टाचा कफ पाव ते अर्धा इंच दिसावा. माप दोन्ही हातांचे वेगवेगळे घ्यावे, कारण माणसाचे दोन्ही हात आणि दोन्ही खांदे सहसा अगदी सारखे नसतात. ज्या शर्टावर कोट घालायचा तोच शर्ट अंगात घालून ट्रायल द्यावी. तयार कोट घेताना आणखी एक गोष्ट पाहावी. मनगटापाशी नुसतीच बटणे लावलेली असतील, तर अस्तनी खालून आखूड करता येते. पण तिथे खरी काजे पाडलेली असतील, तर खालून कापताच काजांचे अंतर बिघडते. मग अस्तनी खांद्याकडून उसवून आखूड करावी लागते, आणि ते काम जिकिरीचे व खर्चाचे असते. म्हणूनच जाणता शिंपी लांबी कायम झाल्याशिवाय काजे पाडत नाही.

एवढ्यावर शिंप्याचे काम संपले. आमचा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. कफ बाहेर दिसावा, तो कशासाठी?

कारण साधे आहे. कोट लोकरीचा असतो. तो रोज धुता येत नाही. शर्ट धुता येतो. अंगाचा घाम आणि टेबलाची धूळ कोटाच्या कडेला लागण्याआधी कफाने झेलावी, एवढाच यातला हेतू. म्हणजे अस्तनीची लांबी मुळात धुण्याच्या हिशेबाने ठरली. पण सोयीतून निघालेला नियम पुढे प्रतिष्ठेचा होऊन बसतो. कफ पांढरा शुभ्र कोणाचा राहील? ज्याला कोळसा, तेल, चिखल यांना हात लावावा लागत नाही त्याचा. आणि ज्याचे कपडे दुसरे कोणीतरी धुते त्याचा. इंग्रजीने अशा माणसाला त्याच्या पांढऱ्या कॉलरीवरून नाव दिले. आपल्या मराठीतही ‘पांढरपेशा’ हा शब्द आहेच. कष्टकरी कामाला लागताना बाह्या सरसावतो. पांढरपेशा आपली बाही नीट खाली ओढून घेतो.

ही पांढरी कड पांढरी ठेवणारे हात कोणाचे होते, हे पाहायचे तर अमेरिकेतल्या ट्रॉय या गावी जावे लागते. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या काठी हे गाव आहे. तिथली हकीकत अशी सांगतात, की १८२७ साली हॅना माँटेग्यू नावाच्या गृहिणीने पाहिले, नवऱ्याच्या सदऱ्याची कॉलर तेवढी मळते आणि सबंध सदरा धुवावा लागतो. तिने कॉलर कापून सुटी केली, धुतली आणि पुन्हा जोडली. एका बाईने आपले श्रम वाचवण्यासाठी काढलेली ही युक्ती. तिच्यावर पुढे गावभर कारखाने उभे राहिले. सुट्या कॉलरी आणि सुटे कफ यांसाठी ट्रॉय प्रसिद्ध झाले, आणि ते धुण्यासाठी, खळ घालून इस्त्री करण्यासाठी शेकडो बायका धुलाईखान्यांत राबू लागल्या. उकळते पाणी, तापलेली इस्त्री आणि बारा ते चौदा तासांचा दिवस. एका बाईचे श्रम वाचले, त्याचे शेकडो बायकांना श्रम पडले.

केट मलानी ही आयर्लंडमध्ये जन्मलेली मुलगी त्यांतच होती. फेब्रुवारी १८६४ मध्ये केटने आपल्या सोबतिणींची संघटना उभी केली. सुमारे ३०० बायका संपावर गेल्या. आठवड्याच्या आत मालक नमले, आणि मजुरीत सुमारे २५ टक्के वाढ मिळाली. १८६६ साली त्याच गावातले लोखंडाचे ओतकामगार अडचणीत आले, तेव्हा या बायकांच्या संघटनेने त्यांना १००० डॉलर दिले. १८६८ मध्ये राष्ट्रीय कामगार संघटनेचे अध्यक्ष विल्यम सिल्विस यांनी केटला सहचिटणीस नेमले.

कामगारांच्या सभांत ही गोष्ट आम्ही अनेकदा सांगितली आहे आणि टाळ्याही घेतल्या आहेत. पण नेहमी इथेच थांबलो, हे आज कबूल केले पाहिजे. पुढचे आम्ही गाळत आलो.

१८६९ साली या बायकांनी पुन्हा संप केला. या वेळी धुलाईखान्यांचे मालक एकटे नव्हते. कॉलरी बनवणारे कारखानदार त्यांच्या पाठीशी उभे राहिले. संघटनेच्या बायका जिथे काम करतील तिथे माल धुवायला पाठवायचा नाही, असा त्यांनी निश्चय केला. ओतकामगारांनी जुने उपकार स्मरून बायकांना मदत केली, तरी ती पुरी पडली नाही. त्यात आणखी एक संकट होते. वॉल्टर हंट याने १८५४ मध्येच कागदी कॉलरचे पेटंट घेतले होते. कागदी कॉलर वापरावी आणि फेकून द्यावी. तिला ना धुणे, ना इस्त्री. धुणाऱ्या हातांची गरजच ज्या मालाला नाही असा माल बाजारात आला, की संपाची धार बोथट होते. बायकांनी स्वतःचा सहकारी कारखाना काढून पाहिला, पण तो टिकला नाही. संप बुडाला आणि लवकरच संघटनाही संपली.

मग १८६४ चा विजय फुकट गेला काय? आम्हांला तसे वाटत नाही. पण नुसता विजय सांगणारा कार्यकर्ता ऐकणाऱ्याला अर्धेच माप देतो. आपले श्रम कशाने अनावश्यक ठरतील, याचा विचार संप यशस्वी झाला त्याच दिवशी करायचा असतो, हे ट्रॉयच्या बायकांना फार महाग पडून कळले. ते आम्ही ऐकणाऱ्यांपर्यंत पोचवायला हवे होते.

केट १९०६ साली वारली. ट्रॉयमधले तिचे घर १९९८ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून घोषित झाले. सुटे कफ केव्हाच गेले. कफ शर्टालाच शिवला गेला. अर्धा इंच मात्र शिंप्याच्या नियमात राहिला. लग्नासाठी किंवा मुलाखतीसाठी कोट शिवाल, तेव्हा तो जरूर दिसू द्या. तसे दिसणे शोभते, यात वाद नाही. मात्र कपडे इस्त्रीला टाकताना, तो कफ पांढरा करणाराला दिवसाकाठी काय मिळते, एवढे एकदा त्याच्याशी बसून विचारा.